शुगर नाही, मग मेटफॉर्मिन कशाला? एचएस असलेल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. काखेत आणि जांघेत वर्षानुवर्षं गळवं येतायत, दोन-तीनदा चीर लावून झाली आणि आता स्किनच्या डॉक्टरांनी हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा, म्हणजे एचएस, हर्ली स्टेज दोन (तीन पायऱ्यांतली मधली) असं निदान केलं. वजन ९२ किलो, पीसीओडी आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.९. त्यांनी मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी लिहून दिली, पण फॅमिली डॉक्टरांनी ‘तुम्हाला डायबेटिस कुठाय?’ म्हणून थांबवली. डब्लिनची मावसबहीण म्हणते, गोळ्या सोड, वजन उतरवणारं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घे.

मला स्वतःला हा आजार बरीच वर्षं आहे, म्हणून आधी मत सांगून टाकते. तुमच्या बाबतीत मेटफॉर्मिनला चांगलं कारण आहे. इंजेक्शनचाही विचार करा, पण मुख्य उपचाराच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नाही.

आपल्याकडे याला काखमांजरी म्हणून सोडून देतात, नाहीतर ‘नीट धुवत नाही का?’ असं विचारतात. अस्वच्छतेशी याचा संबंध नाही आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. केसाच्या मुळाचं तोंड बंद होतं, ते आतल्या आत फुटतं आणि शरीर त्यावर गरजेपेक्षा फार जोरात तुटून पडतं. वजन जास्त असेल तर चरबीतूनही सूज वाढवणारी रसायनं सुटतात. त्यातलंच एक टीएनएफ. अडालिमुमॅब हे एचएसचं इंजेक्शन नेमकं तेच अडवतं. शिवाय इन्शुलिन वाढलेलं असलं की पुरुषी हार्मोन्सही वाढतात, हे पीसीओडीवाल्या आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणजे शुगर ‘नॉर्मलच्या जवळ’ असली तरी शरीर इन्शुलिनला दाद देत नसेल, तर त्याचा त्वचेशी संबंध येतो. अमेरिका-कॅनडाच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये एचएससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मेटफॉर्मिन आहे आणि पीसीओडी असलेल्या बायकांचा खास उल्लेख आहे. फॅमिली डॉक्टरांशी वाद घालू नका, स्किनच्या डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घेऊन त्यांना दाखवा.

पुरावा किती आहे? फार नाही. २०१३ मध्ये २५ जणांना २४ आठवडे मेटफॉर्मिन दिलं, त्यातल्या १८ जणांना फरक पडला. डब्लिनच्या सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलने पुढे ५३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तिथेही साधारण दोन-तृतीयांश लोकांना बरं वाटलं. दोन्हीकडे तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा गट नव्हता, हे लक्षात ठेवा. तरीही गोळी स्वस्त, जुनी आणि ओळखीची आहे, म्हणून करून बघायला मी तयार होते. सुरुवातीला पोट बिघडतं. जेवणानंतर, हळूहळू सुटणारी गोळी, कमी डोसपासून, असं विचारून घ्या. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी तपासा. शाकाहारी असाल तर बी-१२ कडे लक्ष ठेवा.

आता इंजेक्शन. मावसबहिणीने बहुतेक तिच्याच गावची बातमी ऐकली असावी. त्याच हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड घेणाऱ्या ३० एचएस रुग्णांची माहिती मांडली. आजार उसळण्यातलं अंतर सरासरी साडेआठ आठवड्यांवरून बारा आठवड्यांवर गेलं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सरासरी ४३.१ वरून ४१.५ वरच आला होता. वजन एवढंसंच उतरूनही त्वचा शांत होत असेल, तर औषध थेट सूज कमी करतंय का, असा प्रश्न पडतो. पण इथेही तुलनेचा गट नव्हता. आणि सोरायसिसमध्ये लिराग्लुटाइड हे याच जातीचं औषध २० जणांवर, खोट्या इंजेक्शनशी तुलना करून तपासलं, तेव्हा आठ आठवड्यांत वजन उतरलं पण त्वचेत काही फरक दिसला नाही. त्यामुळे ‘इंजेक्शन घेतलं आणि एचएस गेला’ असे व्हिडिओ मी तरी मनावर घेत नाही.

तुमच्या काखेत दोन गळवांना जोडणारी वाट आतून तयार झालीय ना? ती ना गोळीने बुजणार, ना वजन उतरवून. तिच्यासाठी वरचं छत काढायची छोटी शस्त्रक्रिया असते, डीरूफिंग म्हणतात. नुसती चीर लावली की पू जातो, वाट तशीच राहते. स्किनच्या डॉक्टरांना हेच आधी विचारा. अडालिमुमॅबची वेळ आली तर आधी टीबीची तपासणी होईल, ती टाळू नका. भारतीय कंपन्यांची अडालिमुमॅब मूळ ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त मिळतात. आणि ‘आधी वजन उतरवा, मग बघू’ असं कोणी म्हणालं तर दुसरा डॉक्टर गाठा. दुखणाऱ्या जांघा घेऊन चालायला जा म्हणणाऱ्यांना एकदा स्वतः चालून बघू दे!

वजन भराभर उतरलं की सैल कातडीच्या घड्या पडतात. घर्षणाने तिथे त्रास वाढलेले लोकही आहेत. आणि इंजेक्शन बंद केलं की वजन परत येतं: सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत, थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आलं होतं. म्हणून सुरू करायच्या आधीच दोन-तीन वर्षांचा खर्च मांडा. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं, तेव्हा जुन्या किमतींवरून हिशेब करू नका.

पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे असं लिहिलंय, तर डॉक्टरांना हे पहिल्या वाक्यात सांगा. सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. पीसीओडीत वजन उतरलं की पाळी सुधारते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहू शकतात. टिर्झेपेटाइड हे वजन उतरवणारं दुसरं इंजेक्शन घेतलं तर गर्भनिरोधक गोळीवर एकटीवर विसंबू नका, तिचा परिणाम कमी होतो. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झालेला असेल किंवा तुम्हाला स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर तेही आधीच सांगा.

मावसबहिणीकडून इंजेक्शनचं पेन मात्र मागवू नका. न उघडलेलं पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं, ते विमानाच्या बॅगेत सांभाळणं कठीण. शिवाय सुरुवात आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने होते आणि डोस महिन्यामहिन्याने वाढवतात. तिच्या चालू डोसचं पेन तुम्ही पहिल्याच आठवड्यात टोचलंत तर उलट्यांनी हैराण व्हाल.