जुन्या सातबाऱ्यावरून गावातील मूळ शेतकरी घराणी शोधता येतात का?

आपल्या गावात प्रथम वस्ती करून जमीन लागवडीस आणणारी घराणी कोणती, हे जुन्या सातबाऱ्यावरून कळेल का, असे आपण विचारले आहे. कळणार नाही. सातबाऱ्यावरच्या सर्व्हे नंबरची आजची पद्धतच मुळी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या इंग्रजी मोजणीची आहे. त्याआधी देशावरचे रान थळाच्या, म्हणजे एका घराण्याच्या जमिनीच्या गटाच्या, नावाने ओळखले जाई, आणि थळाला बहुधा मूळ मिरासदाराचे, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काने जमीन धरणाऱ्याचे, आडनाव असे. तेव्हा शोधायचा तो थळझाडा, म्हणजे गावच्या थळांची नोंद असलेला कागद.

हे मी ठामपणे सांगतो, कारण मला ते शोधणे भाग पडले. माझे आजोबा पुरंदर तालुक्यातील आजीच्या गावी घरजावई म्हणून आले. सासऱ्यांनी दिलेले चार एकर आमची तिसरी पिढी कसत असली, तरी आजीच्या माहेरची भावकी आम्हांला उपरीच समजते. यात्रेच्या बैठकीत मी वर्गणीचा हिशेब विचारला, तेव्हा भावकीतील एका वडीलधाऱ्यांनी सर्वांदेखत सुनावले, "पांढरी आमच्या मूळपुरुषाने वसवली, उपऱ्यांनी हिशेब विचारू नये." पांढरी म्हणजे गावठाण. त्या एका शब्दापायी मी पुण्याच्या पुरालेखागारात खेटे घातले. मोडी येत नसल्याने वाचक सोबत घेतला, कागदांची बासने, म्हणजे रुमालामागून रुमाल सोडले, आणि अकराव्या दिवशी आमच्या गावचा थळझाडा हाती आला.

आमच्या रानाला गरुडथळ म्हणतात. बांधावरच्या बाभळीवर पूर्वी गरुड बसत असे, असे आजी सांगायची. कागदात 'थळ गरुड, सव्वा चाहूर' असे (चाहूर हे जमिनीचे जुने माप) लिहून पुढे 'गतकुळ' असा शेरा होता. म्हणजे गरुड हे पाखरू नसून आडनाव होते, आणि त्या कुळाला वारस उरला नव्हता. त्याच रुमालात मिरासपत्राची, म्हणजे जमिनीचा वंशपरंपरागत हक्क देणाऱ्या कागदाची, नक्कल निघाली. पाटील व समस्त दाहीजण, म्हणजे गावकरी, यांनी हे थळ ज्यांना मिरास करून दिले, ते मला सुनावणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांचेच पूर्वज होते, आणि तेही परगावाहून आलेले. ज्यांच्या नावाचे ते थळ, त्यांची गावात आज एकही चूल पेटत नाही.

आपल्यासाठी सांगायचे, तर आधी म्हाताऱ्या माणसांकडून रानांची नावे लिहून घ्यावीत, मग तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचे कोतवाल बुक, पाहावे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्या सापडतात, पण त्या यजमानांनी स्वतः सांगितलेल्या असतात आणि आपल्या पूर्वजांना उपरे म्हणवून घेणारा यजमान दुर्मीळच.

हेही ध्यानात घ्यावे, की आपले गाव कोकणात किंवा पूर्व विदर्भात असल्यास वरील बरेचसे गैरलागू आहे. तेथे अनुक्रमे खोती व मालगुजारीचे, म्हणजे गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्या खोतांचे व मालगुजारांचे, कागद पाहावे लागतील. शिवाय थळझाड्यात सारा भरणाऱ्यांची नावे येतात. शिवेचा तंटा लागला की ज्यांची साक्ष निर्णायक ठरे, ते महार वतनदार त्यात मिरासदार म्हणून सहसा दिसत नाहीत, आणि म्हणून ते मागाहून आले असे मुळीच ठरत नाही.

नक्कल मात्र सही-शिक्क्याची घ्यावी. माझी साधी होती, आणि पुढच्या बैठकीत तेवढ्याच कारणावरून ती बाजूला सारली गेली. वर्गणीचा हिशेब अद्याप मिळालेला नाही.