डीप पर्पलचा ‘खरा’ संच कोणता?

अमळनेरच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: ‘मशीन हेड’ हा अल्बम ऐकून ते डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडवर फिदा झाले, मग हौसेने त्यांचाच ‘बर्न’ अल्बम लावला तर गाणारा वेगळाच, बेसची चालही वेगळी. लोक मार्क टू, मार्क थ्री म्हणतात ते काय, आणि यातलं खरं डीप पर्पल कोणतं?

भाऊ, गायक म्हणजेच बँड, हे आधी डोक्यातून काढा. आपल्याकडे लग्नाच्या बँडला सुपारी देताना गाडीवरचं नाव बघतात. क्लॅरिनेटवाला गेल्या सीझनला दुसऱ्याच पार्टीत होता हे वऱ्हाडाला माहीतही नसतं, कारण मालक तोच असतो. डीप पर्पलचा घोळ इथेच आहे. नाव एक, पण मालक म्हणावा असा माणूस नाही. त्यामुळे कोण राहणार आणि कोण जाणार, यावरून सारखी खेचाखेची. संच बदलला की चाहते त्याला पुढचा मार्क नंबर देतात. आजवर असे नऊ झाले आणि थोडेच दिवस वाजवलेला गिटारवादक जो सॅट्रियानी धरून १५ जणांनी या नावाखाली वाजवलं. नऊही संचांत असलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस.

पहिला संच १९६८ चा. गायक रॉड इव्हान्स, बेसवर निक सिम्पर, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रमवर पेस. त्यांचं ‘हश’ हे गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं, म्हणजे अपयशी म्हणायची सोय नाही. पण ब्लॅकमोर, लॉर्ड आणि पेस यांना जास्त दणकट आवाज हवा होता. १९६९ मध्ये त्यांनी इयन गिलनला गाठलं आणि गिलनबरोबर त्याचा जोडीदार रॉजर ग्लोव्हर बेसवर आला. नव्या दोघांची तालीम गुपचूप चालू होती, आणि इव्हान्स-सिम्पर मात्र जुन्या संचाबरोबर स्टेजवर उभेच होते. हे मला आजही पटत नाही, पण यातून जे निघालं ते मार्क टू: ‘इन रॉक’, ‘फायरबॉल’, ‘मशीन हेड’.

४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात कसिनो जळाला, तळ्यावर धूर पसरला आणि त्यावरून ‘स्मोक ऑन द वॉटर’ झालं, हा किस्सा तुम्ही ऐकलाच असेल. त्यापेक्षा लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे लॉर्डचा हॅमंड ऑर्गन. तो त्याने मार्शलच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधून काढला. म्हणून तो देवळातल्या पेटीसारखा न वाजता गुरगुरतो आणि पुष्कळदा गिटार कुठे संपली, ऑर्गन कुठे सुरू झाला ते कळत नाही. डीप पर्पलची ओळख माझ्या मते या गुरगुरण्यात आणि त्याखालच्या पेसच्या हातात आहे. गिलनची किंकाळी त्यानंतर.

गिलनने १९७२ च्या डिसेंबरातच राजीनाम्याचं पत्र दिलं होतं. तरी जून १९७३ अखेरपर्यंत तो गात राहिला, शेवटचा कार्यक्रम ओसाकाला केला. ग्लोव्हरही त्याच्याबरोबर बाहेर. त्यांच्या जागी आले डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज. हा मार्क थ्री, तुमचा ‘बर्न’ याच संचाचा. कव्हरडेल तेव्हा कपड्यांच्या दुकानात कामाला होता, नाव कोणाला माहीत नव्हतं. ह्यूज बेस वाजवायचा आणि वरच्या पट्टीत गायचाही. म्हणजे एका गायकाच्या जागी दोन आवाज आले, शिवाय ह्यूजच्या बोटांत सोल आणि फंक, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीताचा ठेका. तुम्हाला बेसची चाल वेगळी वाटली ती यामुळे, कान बरोबर आहेत तुमचे.

आमचं भुसावळ रेल्वेचं गाव. मुंबईची पाळी करून येणाऱ्यांच्या पिशवीतून कॉपी केलेल्या कॅसेट यायच्या, वर पेनाने फक्त बँडचं नाव. धुळ्याच्या मित्राने ‘बर्न’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याचा सवाल तुमच्यासारखाच होता: “हाऊ कोन शे रे भो?” सांगायला कोणी नव्हतं.

पुढचं भराभर सांगतो. फंककडचा ओढा ब्लॅकमोरला रुचला नाही. १९७५ मध्ये तो निघाला आणि त्याने रेनबो हा स्वतःचा बँड काढला. टॉमी बोलिन आला, एक अल्बम झाला, १९७६ मध्ये बँड फुटला आणि त्याच वर्षी ४ डिसेंबरला बोलिन अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेला. अवघा २५ वर्षांचा.

आणि आता मालक नसल्याचा खरा तमाशा. १९८० मध्ये, डीप पर्पल नावाचा बँड अस्तित्वातच नसताना, रॉड इव्हान्स चार भलतेच वादक घेऊन त्या नावाने अमेरिका आणि मेक्सिकोत कार्यक्रम करू लागला. मूळ बँडचा माणूस तो एकटाच. लोकांनी तिकिटं काढली आणि मग आरडाओरडा केला. प्रकरण कोर्टात गेलं, ६,७२,००० डॉलरची भरपाई लागली आणि इव्हान्सला जुन्या रॉयल्टीवरही पाणी सोडावं लागलं. त्यानंतर तो संगीतात दिसलाच नाही. १९६९ मध्ये त्याला ज्या पद्धतीने काढलं ते आठवलं की मला त्याचा पूर्ण राग येत नाही.

१९८४ मध्ये मार्क टू पुन्हा जमला, ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ आला. मग गिलनला काढलं, गायक म्हणून जो लिन टर्नरला घेतलं, गिलनला परत आणलं. १९९३ च्या नोव्हेंबरात चालू दौऱ्यातून ब्लॅकमोर कायमचा गेला. जपानचे कार्यक्रम ठरलेले होते, ते सॅट्रियानीने निभावले. १९९४ मध्ये स्टीव्ह मॉर्स आला आणि भांडणं थांबली. तो जवळपास २८ वर्षं टिकला, ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळूनही इतकी भरत नाहीत. पत्नीच्या आजारपणामुळे २०२२ मध्ये तो थांबला, सायमन मॅकब्राइड आला. ऑर्गनवर २००२ पासून डॉन एरी आहे, लॉर्ड २०१२ मध्ये वारला.

‘खरं’ कोण याचा निवाडा २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या कलाकारांचा सन्मान करणाऱ्या अमेरिकन संस्थेने करून पाहिला. आठ जणांना घेतलं, त्यात इव्हान्स होता, पण त्याच संचातला सिम्पर नव्हता. बोलिन नाही, मॉर्सही नाही. इतकी वर्षं बँड चालवणारा गिटारवाला बाहेर, हा न्याय मला तरी कळलेला नाही. ‘खरा’ संच शोधायच्या भानगडीत पडूच नका. आवडता कोणता विचाराल तर मार्क टू, आणि त्याचा पुरावा स्टुडिओत नाही, ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत रेकॉर्ड झालेल्या ‘मेड इन जपान’मध्ये आहे.

तो आधी ऐका, मग ‘बर्न’चं पहिलं गाणं पुन्हा लावा आणि या वेळी गायकाकडे दुर्लक्ष करून पेसकडे कान द्या. गाणंभर तो जणू सोलोच वाजवतोय. त्यानंतर मॉर्सच्या काळातला ‘पर्पेंडिक्युलर’ घ्या, १९९६ चा. फक्त ‘बर्न’ मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, ह्यूजचा बेस त्यात निम्मा गायब होतो. साधा वायरवाला इअरफोन असला तरी चालेल.