कोपऱ्यातली उभी फट
प्रश्न : १:८७ प्रमाणातील रेल्वे स्थानकाच्या मॉडेलच्या प्लॅस्टिक संचाच्या भिंती जोडल्यावर कोपऱ्यात उभी फट दिसते. ती कशी लपवावी?

उत्तर : साच्यातून निघालेल्या भिंतीच्या कडेला अनेकदा किंचित उतार असतो, म्हणून काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर कड आधी घासावी, आणि कोपरा गुण्यात (काटकोनात) धरून, पॉलिस्टायरिन (संचाचे प्लॅस्टिक) विरघळवणारे पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेलचा गोंद, आतल्या बाजूने ब्रशने सोडावे. हलके दाबल्यावर मऊ प्लॅस्टिक सांध्यातून मण्यांसारखे बाहेर येते. ते पुसू नये, दुसऱ्या दिवशी कानशीने काढावे. उरलेल्या फटीत पुट्टी भरता येते, परंतु विटांच्या भिंतीवर सरसकट घासल्यास विटांमधल्या दरजा (सांध्यांच्या रेषा) बुजतात व त्या सुईने पुन्हा कोराव्या लागतात. एवढा खटाटोप नको असेल, तर कोपऱ्यालगत पन्हळीचा पाइप चिकटवावा. खऱ्या इमारतींवरही तो बहुधा तिथेच असतो, त्यामुळे ही लबाडी खपून जाते.