आधी पाण्याची वाट, मग झोपाळा

प्रश्न : गोव्यात पर्वरीच्या पठारावर आमची २२ घरांची वसाहत आहे. मधोमध ३० बाय २० मीटरची मोकळी जागा आहे. वर्गणीतून तीन लाख रुपये जमलेत. चवथीपूर्वी (गणेशचतुर्थीपूर्वी) घसरगुंडी, दोन पाळण्यांचा झोपाळा आणि ओपन जिम बसवावी, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : पहिले म्हणजे चवथीची घाई सोडा. भर पावसात खांबासाठी खड्डा खणला की तो पाण्याने भरतो, त्यातच काँक्रीट ओतले जाते आणि दिवाळीपर्यंत खांब डुगडुगू लागतो. पावसाळा पाहणीसाठी ठेवा आणि काम नोव्हेंबरात काढा.

पाहणी म्हणजे काय, तर मोठी सर कोसळत असताना छत्री घेऊन त्या जागेत उभे राहायचे. पाणी कुठून येते, कुठे थांबते, कोणाच्या गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे वळते, ते नकाशावर पेन्सिलीने टिपायचे. तुमची जागा ६०० चौरस मीटर आहे. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तिच्यावर ६०,००० लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजारी सहा टँकर. जुलैत असा दिवस उगवला तर नवल नाही. जांभा एरवी पाणी शोषतो. पण घरे बांधताना वरची माती खरवडली जाते, ट्रक फिरून मुरूम दाबून बसतो, आणि मग तो अंगणातल्या सारवणासारखा पाणी वरच्यावर ठेवतो.

म्हणून जागेला शंभरास एक उतार द्या, म्हणजे २० मीटरच्या रुंदीत २० सेंटिमीटर. खालच्या कडेला ३० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल चर खणून त्यात खडी भरा आणि चराचे तोंड रस्त्याच्या गटारात सोडा. शेजाऱ्याच्या गडग्याशी सोडाल तर पाया भिजून गडगा एखाद्या रात्री खाली येईल, आणि मग उद्यानापेक्षा भांडणच जास्त दिवस टिकेल.

आता झोपाळा. वरचा आडवा पाइप जमिनीपासून २.४ मीटर उंच असेल, तर पुढे आणि मागे प्रत्येकी त्याच्या दुप्पट, म्हणजे ४.८ मीटर जागा रिकामी हवी. एकूण ९.६ मीटर. तुमच्या २० मीटर रुंदीतली जवळजवळ निम्मी एकट्या झोपाळ्याने खाल्ली! मूल हेलकाव्याच्या टोकावरून उडी मारते आणि समोरून धावणाऱ्या लहानग्याला ते दिसत नाही, म्हणून ही जागा. झोपाळा कोपऱ्यात, ये-जा नसलेल्या बाजूला घ्या. एका चौकटीत दोनच पाळणे टांगा आणि पाळण्याखाली किमान ३५ सेंटिमीटर मोकळे ठेवा.

खाली पेव्हर ब्लॉक नकोत, सिमेंट तर नकोच. धुतलेली, चिकणमाती नसलेली रेती ३० सेंटिमीटर जाड पसरली तर दोन मीटरपर्यंतच्या पडण्याला पुरते. तीन मीटर रुंद चौकटीच्या दोन्ही अंगांना १.८ मीटर धरले तर ९.६ बाय ६.६ मीटर, म्हणजे सुमारे १९ घनमीटर रेती लागेल. हा खर्च ऐकून लोक दचकतात आणि दहा सेंटिमीटरवर भागवतात. तेवढी रेती पंधरवड्यात पायांनी बाजूला सरते आणि पाळण्याखाली, नेमके पाय घासतात तिथे, मुरूम उघडा पडतो. रेतीखाली जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देते, रेती अडवते) आणि त्याखाली दहा सेंटिमीटर खडी घाला, नाहीतर खड्ड्याचे डबके होईल. किनाऱ्यावरची रेती आणू नका. ती काढणे बेकायदा आहे, शिवाय तिच्यातले मीठ साखळ्या खाते. मांजरांना रेतीचा मोह आवरत नाही, तेव्हा आठवड्यातून एकदा दाताळे फिरवावेच लागेल.

घसरगुंडीचे तोंड उत्तरेला ठेवा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. हिवाळ्यात त्याचा उपयोग होतो. पण मेच्या सुरुवातीला गोव्यात सूर्य भर माथ्यावर येतो, तेव्हा पत्रा कोणत्याही दिशेला असला तरी तापतोच. सावलीला पर्याय नाही. ओपन जिम मी यादीतून काढले असते आणि त्या पैशांत पाठ टेकता येईल असे चार बाक केले असते. आजी-आजोबांना बसायला जागा नसेल तर नातवंडे दहा मिनिटांत घरी नेली जातात.

प्रश्न : कुर्टी, फोंडा येथे आमच्या वसाहतीतील झोपाळ्याला दरवर्षी रंग देतो. तरी तिसऱ्या वर्षी पाय गंजून पोकळ झाले. असे का?

उत्तर : रंग डोळ्यांसमोर बसतो, गंज जमिनीलगत धरतो. पाइप काँक्रीटमध्ये शिरतो तिथे बशीसारखा खळगा राहतो, त्यात पाणी आणि पालापाचोळा कुजतो. काँक्रीटचा माथा पाइपाकडून बाहेर उतरता हवा. पाइपाचे वरचे तोंड उघडे असेल तर आतूनही गंज चढतो, ते टोपण लावून वेल्डिंगने बंद करा. नवा झोपाळा घेताना साध्या रंगाचा नको, वेल्डिंग पूर्ण झाल्यावर गरम जस्तात बुडवलेला मागा. आधी जस्त देऊन मग वेल्डिंग केले तर सांध्यावरचे जस्त जळते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

मे महिन्यात पायाच्या तळाशी हातोडी वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद आला किंवा स्क्रू-ड्रायव्हर आत गेला तर त्याच दिवशी साखळ्या काढून ठेवा. साखळी अडकवणाऱ्या एस-हुकाची फट एक मिलिमीटरहून जास्त नको. आणि कठड्याच्या दोन गजांत ९ ते २३ सेंटिमीटर अंतर असेल तर ते बदलाच. त्यातून मुलाचे अंग जाते, डोके अडकते.

प्रश्न : लवकर सावली हवी. गुलमोहर लावावा का? कुंपणाला पिवळी कण्हेर चालेल?

उत्तर : दोन्ही नको. गुलमोहराची मुळे वरवर पसरतात, फांद्या ठिसूळ असतात. पावसाळी वाऱ्यात त्या मोडतात आणि खाली बाक असतो. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या मुले खेळायला घेतात, आतला गर हृदयाला घातक आहे. करंज लावा, तो बेताच्या वेगाने वाढून दाट सावली देतो (बिया कडू, खायच्या नव्हेत, एवढे मुलांना सांगा). मधे एखादी ओवळ, म्हणजेच बकुळ. ती संथ वाढते, पण ती नातवंडांसाठी असते. दुपारची सावली हवी म्हणून झाडे पश्चिमेला, सहा मीटरच्या अंतराने लावा. कडक जांभ्यात एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा मेमध्येच खणून ठेवा, दोन भाग माती आणि एक भाग कंपोस्ट भरा, रोप जूनच्या पहिल्या सरींनंतर लावा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी. जागेत आधीपासून झाड असेल तर ते परस्पर तोडू नका. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते.

प्रश्न : टायरचे रंगीत खेळ बसवले तर स्वस्त पडते. काही धोका?

उत्तर : डासांचा. प्रत्येक टायरच्या खालच्या बाजूला तीन-चार ठिकाणी बोटभर भोके पाडा. तरी पावसाळ्यात दर आठवड्याला टायर हलवून पाणी काढा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास ही वाटचाल आठ-दहा दिवसांत पुरी होते.

प्रश्न : घर घेताना दाखवलेल्या बागेच्या जागी आता गाड्या उभ्या असतात. ती जागा बागेसाठीच होती हे कसे कळेल?

उत्तर : माहितीपत्रकातले हिरवे चित्र पुरावा नव्हे. नगर नियोजन खात्याने किंवा तुमचा भाग ज्या पीडीएकडे (नियोजन आणि विकास प्राधिकरणाकडे) असेल तिने मंजूर केलेला भूखंड विभागणीचा नकाशा मागा. खुली जागा त्यात क्षेत्रफळासह दाखवलेली असते. मिळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा, मुदत ३० दिवसांची आहे. सोबत एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद काढून जागा कोणाच्या नावावर आहे ते पाहा. दोन्ही कागद हाती आल्यावर लेखी तक्रार पंचायतीत द्या आणि प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. ग्रामसभेत विषय मांडाल तेव्हा हीच प्रत हातात असू द्या.