होंडा सिटीची पेट्रोल सीव्हीटी आणि हायब्रिडची ई-सीव्हीटी एकच का?

तुम्ही लिहिलंय की लातूरला राहता, महिन्यातून दोन-तीनदा छत्रपती संभाजीनगरला चक्कर असते, आणि कुणीतरी सांगितलं की सिटी पेट्रोल घ्या नाहीतर हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटरही असलेली), दोन्हीत सीव्हीटीच, म्हणजे हाताने गिअर न बदलणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. नाव तेवढं सारखं आहे हो. आत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्याकडे पेट्रोल सीव्हीटी आहे, मेहुण्यांकडे हायब्रिड. दोन्ही भरपूर चालवल्यात, म्हणून लिहितो.

पेट्रोलच्या दीड लिटर इंजिनाला ६ गिअरचा मॅन्युअल मिळतो किंवा सीव्हीटी. सीव्हीटीत दोन पुली आणि त्यांवर पोलादी पट्टा. पुलीच्या तबकड्या जवळ आल्या की पट्टा वर सरकतो, लांब गेल्या की खाली बसतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा डोळ्यांसमोर आणा, फक्त चाकं चालता चालता लहान-मोठी होतात असं समजा. म्हणून गिअर बदलल्याचा झटकाच नाही. स्टिअरिंगमागच्या, बोटाने दाबायच्या पॅडलवर दिसणारे ७ गिअर संगणकाने पाडलेल्या पायऱ्या आहेत. ओव्हरटेकला एकदम पाय दाबला तर आधी इंजिनाचा आवाज चढतो, मग गाडी वेग घेते. हळूहळू दाबायची सवय लागली की खटकत नाही.

मे २०२२ मध्ये आलेल्या हायब्रिडमध्ये हा पट्टाच नाही. तिथे दोन मोटर आहेत, एक वीज बनवते, दुसरी चाकं फिरवते. शहरात इंजिन बहुतेक वेळ फक्त वीज बनवण्याचं काम करतं, नाहीतर बंद असतं. हायवेला एकसारखा वेग धरला की आतला क्लच जुळतो आणि इंजिन एकाच ठरलेल्या गिअरमधून थेट चाकं ओढतं. यात मॅन्युअल मिळत नाही. टोयोटाच्या कॅमरीलाही ई-सीव्हीटीच म्हणतात, पण तिथे दोन मोटर आणि इंजिन ग्रहमालेसारख्या गिअरसंचाने जोडलेले असतात. तीही वेगळीच रचना.

मांजरसुंब्याहून बीडकडे घाट उतरताना फरक नीट कळतो. माझ्या गाडीत डावं पॅडल दाबून इंजिनाला गाडी धरायला लावतो. मेहुण्यांच्या गाडीत तेच पॅडल दाबलं की मोटर गाडी अडवते आणि बॅटरी भरते. ब्रेकवर पाय जवळपास जातच नाही. पुढे बीडच्या गर्दीत ती गाडी बराच वेळ इंजिनाशिवाय सरकते.

जुनी गाडीही बघताय, म्हणून सांगतो. मारुतीच्या सियाझ पेट्रोलच्या मागे ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेलं दिसेल. तिची मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. गिअरबॉक्स नेहमीचाच, ५ गिअरचा मॅन्युअल किंवा ४ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या धाटणीचा ऑटोमॅटिक. त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका.

तुमचं जाणं-येणं मुख्यतः अंबाजोगाई-केज-बीड अशा मोकळ्या रस्त्याने असेल तर मी पेट्रोल सीव्हीटीच घेईन. हायब्रिडची खरी बचत सिग्नल आणि गर्दीत आहे. रोज संभाजीनगरातल्या जालना रोडसारख्या गर्दीच्या रस्त्यावर तासभर जात असता तर उलट सांगितलं असतं. आणि डिकी बघाच. पेट्रोलमध्ये ५०६ लिटर जागा आहे, हायब्रिडमध्ये बॅटरीमुळे ३०६. बघायला जाताना घरातल्या दोन मोठ्या बॅगा सोबत न्या आणि ठेवून बघा.