मानवी तस्करीच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालयं काढली तर निकाल लवकर लागतील का?

लागतील, पण नुसती पाटी बदलून नाही. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात पीडित मुलींच्या बाजूने काम करणारी वकील आहे, त्यामुळे रोज दिसतं तेच सांगते.

कायद्यात सोय जुनीच आहे. अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात (आम्ही ‘पिटा’ म्हणतो) १९७८ च्या दुरुस्तीने कलम २२ अ आलं आणि राज्य सरकारला विशेष न्यायालय नेमता येऊ लागलं. मुंबईत तसं न्यायालय सुरूही झालं. पण ते दंडाधिकाऱ्यांचं. तस्करीचं मुख्य कलम, पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं ३७० आणि आता भारतीय न्याय संहितेचं १४३, सत्र न्यायालयात चालतं. म्हणजे सगळ्यात गंभीर खटला खून-दरोड्यांच्या रांगेत जाऊन बसतो. विशेष न्यायालय हवं तर सत्र दर्जाचंच हवं.

खरी गाडी अडते साक्षीवर. गंगाजमुना या नागपूरच्या वेश्यावस्तीतून सोडवलेली मुलगी बंगालची असली तर काही महिने वसतिगृहात राहून घरी जाते. दोषारोप निश्चित होईपर्यंत कधी तिचं लग्नही झालेलं असतं. समन्स घेऊन पोलीस दारात आला तर सासरी सांगायचं काय? तरी ती हावड्याहून रात्रभर प्रवास करून येते. जिने कोंडून ठेवलं तीच बाई समोरच्या बाकावर बसलेली असते. दुपारी आरोपीचे वकील मुदत मागतात, तारीख पडते. पुढच्या वेळी मुलगी येत नाही, किंवा येते आणि फितूर होते. मी तिला दोष देणार नाही. तोवर पंचांना आणि छाप्यासाठी पोलिसांनी पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकालाही काही आठवेनासं झालेलं असतं.

पोक्सोत (अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा) मुलीची साक्ष ३० दिवसांत नोंदवायची आणि खटला शक्यतो वर्षात संपवायचा, असं कलम ३५ सांगतं. बालतस्करीचे खटले सहा महिन्यांत संपवावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये बजावलं. एकोणीस वर्षांच्या मुलीने मात्र वर्षानुवर्षं थांबायचं, हे मला पटत नाही.

तुमच्या ओळखीत असा खटला चालू असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष घेण्याचा अर्ज करायला सरकारी वकिलांना आजच सांगा. सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत २००३ मध्येच मान्य केली आहे. मुलगी तिच्याच जिल्ह्याच्या न्यायालयातून बोलू शकते. आणि अंतरिम भरपाईसाठी निकालाची वाट पाहू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आधीच अर्ज करता येतो.