छापील २५० चं पुस्तक, ई-बुक कितीला ठेवावं?

तुमचा प्रश्न असा: सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांवरचं पुस्तक तुम्ही स्वतः छापलंय, किंमत २५० रुपये, आत चाळीसेक फोटो. किंडलवर ई-बुक ४९ ला टाकावं की ९९ ला? आणि मित्र म्हणतात, ना कागद ना छपाई, मग ४९ सुद्धा जास्तच.

४९ ला टाकू नका. ९९ लाही नको. 'कागद नाही तर पैसे कसले' हे वाक्य मी ई-बुकच्या फाइली बनवताना जवळजवळ प्रत्येक लेखकाच्या तोंडून ऐकतो, आणि दरवेळी वाद घालतो. तुम्ही मागांवर जाऊन मुलाखती घेतल्या, जुने फोटो गोळा केले, मजकूर तीनदा तपासला. वाचक त्याचे पैसे देतो. शंभर रुपयांत मिळणारी चादर खरी सोलापुरी असेल असं आपल्याकडे कुणी मानत नाही, मग पुस्तकाच्या बाबतीतच स्वस्ताई का शोभावी?

आता हिशेब. भारतात ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे स्वतः किंडल पुस्तक प्रकाशित करायच्या सेवेवर, ७० टक्के रॉयल्टी हवी तर किंमत किमान ९९ लागते आणि पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ई-बुक फक्त ॲमेझॉनवर ठेवायच्या योजनेत, घालावं लागतं. ४९ ला ३५ टक्केच मिळतात, म्हणजे एका प्रतीमागे १७ रुपये १५ पैसे. ७० टक्क्यांत मात्र आधी डिलिव्हरीचा, म्हणजे फाइल वाचकापर्यंत पोहोचवायचा, खर्च कापतात, दर एमबीला ७ रुपये, आणि उरलेल्या रकमेवर ७० टक्के देतात. ३५ टक्क्यांत हा खर्च कापत नाहीत. म्हणून किंमतीला १४ ने भागा. फाइल त्या आकड्यापेक्षा जास्त एमबीची असेल तर ७० टक्क्यांत ३५ पेक्षा कमी मिळतं. १४९ रुपयांसाठी ही मर्यादा साधारण साडेदहा एमबी येते. नुसत्या मजकुराची मराठी कादंबरी सहसा एक एमबीच्या आत बसते, तिला याची फिकीर नाही. तुम्हाला आहे.

मी एवढं फाइलच्या वजनाबद्दल बोलतोय कारण आपल्याकडे चूक तिथेच होते. पाककृतींचं एक पुस्तक हाताखालून गेलं: शेंगाचटणी, कडक भाकरी, धपाटे वगैरे, तीस फोटो. छपाईची फाइल श्रीलिपीच्या, म्हणजे मराठी डीटीपीच्या, जुन्या फॉन्टमध्ये होती. ते युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरपद्धत, नाही, त्यामुळे अक्षरं थेट उचलली की किंडलवर कचरा दिसतो. डीटीपीवाल्याने सोपा मार्ग काढला आणि प्रत्येक पान चित्र म्हणून चिकटवलं. फाइल झाली २३ एमबी. २३ गुणिले ७ म्हणजे १६१ रुपये डिलिव्हरी, आणि किंमत ठरवलेली १४९! ७० टक्क्यांचा प्रश्नच मिटला, ३५ टक्क्यांवर ५२ रुपये. लेखिकेला वाटलं ॲमेझॉन लुटतंय. शिवाय चित्राच्या पानावर फोनमध्ये अक्षर मोठं होत नाही, शब्द शोधता येत नाही. असं पुस्तक वाचक परत करतो आणि आलेली रॉयल्टीही उलटते.

दुरुस्ती कंटाळवाणी पण सरळ होती. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायचा आणि ओळ न् ओळ वाचायची. रफार शेजारच्या अक्षरावर जातो, 'ऱ्या'चा 'र्या' होतो, 'ॲ' गायब होतो, पाव-अर्ध्या वाटीच्या खुणा भलत्याच अक्षरात बदलतात. पाककृतीत ही शेवटची चूक म्हणजे भाजीत पाव चमचा मिठाऐवजी काहीही. फोटो लांब बाजूने १२०० पिक्सेलवर आणून जेपेगमध्ये साठवले, एकेक दीडशे केबीच्या आसपास. पूर्ण फाइल ५ एमबी. डिलिव्हरी ३५ रुपये, १४९ मधून ३५ गेले की ११४, त्याचे ७० टक्के ७९ रुपये ८० पैसे. किंमत तीच, पुस्तक तेच, प्रतीमागे जवळपास २८ रुपये जास्त.

तुमचे चाळीस फोटो याच मापाने बसवले तर फाइल साडेसहा एमबीपर्यंत जाईल. जुने कृष्णधवल फोटो रंगीत स्कॅन केले असतील तर ग्रेस्केल करा, आणखी उतरेल. डिलिव्हरी ४५ रुपये ५० पैसे धरा. १४९ ला हातात साधारण ७२ रुपये, १९९ ला १०७. मी १९९ ठेवेन. त्याच्या वर जाता येत नाही, कारण ७० टक्क्यांसाठी ई-बुक छापील किंमतीपेक्षा किमान २० टक्के स्वस्त लागतं आणि २५० चे ८० टक्के २०० होतात. छापील प्रतीत विक्रेत्याचे ४० टक्के गेले आणि छपाई-बांधणी ८० पडली असं धरलं तर तुमच्याकडे ७० उरतात. मित्रांना ई-बुकचे १०७ आणि छापीलचे ७० हे दोन आकडे शेजारी लिहून दाखवा. ४९ ला तेवढेच १०७ मिळवायचे तर सहाहून जास्त प्रती खपायला हव्यात. यंत्रमाग कामगारांवरचं पुस्तक ज्याला हवंय तो १९९ देतो. ज्याला नकोय तो ४९ लाही घेत नाही.

अमेरिकेची किंमत आपोआप बदलू देऊ नका. १९९ रुपयांचं रूपांतर दोन-सव्वादोन डॉलरच्या आसपास पडतं, आणि तिथे ७० टक्के २.९९ ते ९.९९ डॉलरमध्येच मिळतात. हाताने २.९९ किंवा ३.९९ टाका. तिथे डिलिव्हरी दर एमबीला १५ सेंट. केडीपीच्या कर-मुलाखतीत, म्हणजे कराच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, पॅन भरला तर अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कर कापतात.

सिलेक्टची अट मात्र आधी वाचा, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेच चालत नाही: गूगल प्लेवर नाही, कथांच्या ॲपवर प्रकरणं टाकली असतील तर तीही काढायची, व्हॉट्सॲपवर पीडीएफ वाटायची नाही. नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत मजकूर चालतो. छापील प्रत खुशाल विका. ९० दिवसांनी ते आपोआप पुढे सुरू राहतं, नको असेल तर आपोआप नूतनीकरणाची खूण आधीच काढा. स्वतःच्या साइटवर विकायचा विचार असेल तर ज्याची छापील आवृत्ती आहे त्या ई-बुकवर जीएसटी ५ टक्के, नुसत्या ई-बुकवर १८, हे २०१८ पासून आहे.

आणि पैसे नकोत, फक्त वाचलं जावं असं असेल तरी ४९ चा मार्ग नाही. सिलेक्टमध्ये दर ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं. ते पाच दिवस सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आसपास, जानेवारीत लावा. सोलापूरबाहेर गेलेला माणूस तेव्हा गावाबद्दल काही ना काही शोधत असतो. बाकीचे दिवस किंमत १९९ च.